गाठ कळल्यानंतर : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार समजून घेताना

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यात्या आपल्या शाळेच्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीतील असून व्यवसायाने शल्यचिकित्सक आहेत.)



जेवणानंतरच्या सत्रात बोलायला उभं राहणं तसं धाडसाचंच. समोर पोटं भरलेली, पंख्याचा वारा आणि चाळीस वर्षांनी भेटलेल्या शेजारणीशी अर्धवट राहिलेल्या गप्पा. त्यात माझा विषय असा. संयोजकांनी आधी 'पन्नाशीनंतरचं आरोग्य' असा सर्वसाधारण विषय सुचवला होता. तो बदलून द्या, असं मीच म्हटलं. कारण सांगते.

आपल्या तुकडीतल्या दोघींना हा आजार झाला. एक आज इथेच बसली आहे, तिला विचारूनच हे बोलते आहे. दुसरी आपल्यात नाही. सकाळी आपण ज्यांना श्रद्धांजली वाहिली, त्या यादीत तिचं नाव होतं. दोघींना आजार झाला तो जवळपास एकाच वयात. पहिलीने गाठ लागल्यावर आठ दिवसांत दाखवलं. दुसरीने अकरा महिने कुणालाच सांगितलं नाही, कारण घरात मुलीचं लग्न ठरत होतं. तिला दोष द्यायला मी हे सांगत नाही. आपल्यापैकी किती जणी तिच्या जागी वेगळं वागल्या असत्या, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते. पण गाठ कळल्यानंतर नेमकं काय होतं, हे तिला माहीत असतं, तर कदाचित ती एवढी घाबरली नसती. माणूस आजाराला जेवढा घाबरतो, त्याहून जास्त उपचारांना घाबरतो. म्हणून आज उपचारांबद्दलच बोलायचं.

आकडा एकच सांगते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो कमी वयात दिसतो आणि उशिरा दाखवला जातो. वय आपल्या हातात नाही. उशीर बराचसा आपल्या हातात आहे.

आणि मित्रांनो, तुम्ही मोबाईल काढू नका. शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो. उरलेल्या नव्याण्णवांच्या घरात नवरा, भाऊ किंवा मुलगा असतोच.

आधी तपास, मग उपचार

स्तनातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण गाठ साधी आहे हे ठरवणं आपलं काम नाही, शेजारच्या काकूंचं तर नाहीच. 'दुखत नाही ना, मग काही नाही' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. खरं तर कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणारी कडक गाठ, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून येणारा रक्तासारखा स्राव, काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर दाखवायचं.

डॉक्टर तीन गोष्टी करतात. हाताने तपासतात. मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात. आणि शंका असली तर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. इथे एक गैरसमज आडवा येतो : 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो.' तसं होत नाही. उलट बायोप्सी न करता 'आधी गाठ काढून टाकू, मग बघू' हा मार्ग बऱ्याचदा महागात पडतो. कारण गाठ कसली आहे हे ठाऊक नसताना केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा पुन्हा करावी लागते.

बायोप्सीनंतर तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक मागून घेता येतात. तो पेशंटचा हक्क आहे. मागायला संकोच करू नका.

दोन प्रश्न : किती आणि कोणता

रिपोर्ट हातात आला की घरचे विचारतात, 'कितवी स्टेज?' प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. दुसरा अर्धा असा : 'कोणत्या जातीचा?'

स्टेज म्हणजे आजार किती पसरला आहे. गाठीचा आकार, काखेतल्या रसग्रंथींमध्ये आजार आहे का आणि हाडं, फुप्फुसं, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेला आहे का, यावरून १ ते ४ असे टप्पे ठरतात.

जात ठरते ती पेशींच्या स्वभावावरून. त्यासाठी त्याच तुकड्यावर तीन चाचण्या होतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन्हींवरून कळतं की या पेशी शरीरातल्या स्त्री-संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर पोसल्या जातात का. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आहे. ते जास्त असेल तर पेशी भराभर वाढतात. तिन्ही चाचण्या नकारात्मक आल्या तर त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. इथे निगेटिव्ह म्हणजे 'कॅन्सर नाही' असं नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. या एका शब्दावरून पेढे वाटायला निघालेली मंडळी मी पाहिली आहेत.

आपल्यातले निम्मे लोक द्राक्षबागांतून आले आहेत, त्यामुळे पुढचं सोपं जाईल. बागेत रोग आला की तुम्ही काय बघता? रोग कोणता आणि किती पसरलाय. एखाद्या काडीपुरता असेल तर काडी छाटता. पण तो बागभर गेल्याची शंका असेल तर नुसतं वरून लागणारं स्पर्शजन्य औषध पुरत नाही, झाडाच्या आत भिनणारं आंतरप्रवाही औषध लागतं. आणि औषधही रोगाप्रमाणे बदलतं. शेजाऱ्याच्या बागेला जे चाललं तेच आपल्याला चालेल असं नाही.

स्तनाच्या कर्करोगाचे उपचारही असेच दोन गटांत बसतात. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हे त्या जागेपुरते. केमो, हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची औषधं ही सगळ्या शरीरात पोहोचणारी. कुणाला यातलं एक लागतं, कुणाला तीन, कुणाला सगळी. म्हणून 'माझ्या वहिनीला केमो नव्हती दिली, मला का?' या प्रश्नाचं उत्तर वहिनीच्या रिपोर्टात असतं.

शस्त्रक्रिया : पूर्ण स्तन काढावाच लागतो का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत हळू आवाजात विचारला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या सर्जनने पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितकं जास्त काढू तितका आजार मुळातून जाईल, असा विचार होता. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच चाललं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी तो विचार तपासून पाहिला. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला. काहींची फक्त गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढली आणि रेडिएशन दिलं. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे दोघांचेही निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच जगल्या.

म्हणजे योग्य निवड केलेल्या रुग्णात स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि त्यावर रेडिएशन, हे पूर्ण स्तन काढण्याइतकंच सुरक्षित आहे. 'सगळं काढून टाका डॉक्टर, म्हणजे कटकट मिटली' असं म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे शांतपणे सांगते. जास्त काढल्याने जास्त आयुष्य मिळत नाही.

तरीही काहींना पूर्ण स्तन काढणंच योग्य असतं. एकाच स्तनात दूर दूर अनेक ठिकाणी आजार असेल, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल आणि औषधांनीही लहान झाली नसेल, किंवा रेडिएशन देणं शक्य नसेल तर. काही जणी सगळं समजून घेऊन स्वतःहून तोच पर्याय निवडतात, आणि तोही योग्यच. त्यांच्यासाठी त्याच वेळी किंवा नंतर पाठीच्या, पोटाच्या भागातल्या ऊतींनी किंवा इम्प्लांटने स्तनाची पुनर्रचना करता येते. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी ब्राच्या आत बसणारे कृत्रिम स्तन मिळतात. ही चैन आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साठीच्या बाईलाही आरशात स्वतःकडे बघायचं असतं.

काखेबद्दलही सांगते. पूर्वी काखेतल्या सगळ्या ग्रंथी सरसकट काढत. त्यामुळे पुढे हात सुजण्याचा त्रास अनेकींना होई. आता काखेत आजार दिसत नसेल तर निळा रंग किंवा तत्सम द्रव्य टोचून पहिली एक-दोन 'पहारेकरी' ग्रंथी शोधतात आणि तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. हे तंत्र १९९० च्या दशकात आलं. आपल्या सर्जनना विचारा, 'माझ्या बाबतीत हे करता येईल का?'

यात आपल्या मुंबईचाही मोठा वाटा आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर एक साधा प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती भूल देणारं लिडोकेन टोचायचं. दात काढताना टोचतात तेच. पाच वर्षांनी पाहिलं तर हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध अगदी स्वस्तातलं. सगळीकडे ते रुळलेलं नाही, पण सर्जनशी बोलताना विषय काढायला काहीच हरकत नाही.

रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचा 'शेक'

गावाकडची मंडळी याला शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. यात भाजत नाही, करंट बसत नाही. यंत्राखाली काही मिनिटं निजायचं, दुखत काहीच नाही. त्वचा काळवंडते, थकवा येतो, तो हळूहळू जातो. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने बाई 'किरणोत्सर्गी' होत नाही. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या.

स्तन राखला असेल तर रेडिएशन बहुतेकींना लागतं. पूर्ण स्तन काढला तरी गाठ मोठी असेल किंवा काखेत आजार असेल तर लागू शकतं. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांचा कार्यक्रम रुळला, आणि २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनंतर निवडक रुग्णांमध्ये एका आठवड्यात पाच वेळाही देतात.

हे मी मुद्दाम सांगते. सुरगाण्याची किंवा पेठची बाई नाशिकला सहा आठवडे कुठे राहणार? गुरं कोण बघणार, मुलांना डबा कोण देणार? केवळ या अडचणीपायी पूर्ण स्तन काढून घेणाऱ्या बायका आहेत. तेव्हा डॉक्टरांना आधीच विचारा : 'कमी दिवसांचं रेडिएशन मला चालेल का?' उपचार निवडताना एसटीचं वेळापत्रकही टेबलावर यायला हवं. त्यात कमीपणा नाही.

आंतरप्रवाही औषधं

पहिली हार्मोनवरची औषधं. १८९६ साली स्कॉटलंडमध्ये बीट्सन नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की बीजांडं काढल्यावर काहींच्या स्तनातला आजार ओसरतो. त्या निरीक्षणाची पुढची वाट टॅमॉक्सिफेनच्या गोळीपर्यंत येते. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असलेल्यांना हा उपचार मिळतो. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलसारखी औषधं. रोज एक गोळी, किमान पाच वर्षं, काहींना दहा. गोळी स्वस्त आणि साधी दिसते, म्हणूनच ती मध्येच सोडली जाते. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात, कंटाळा येतो, आणि 'आता बरी आहे की मी' असं वाटतं. मैत्रिणींनो, या जातीच्या आजारात ही छोटी गोळी केमोपेक्षाही जास्त राखण करते, असं पुष्कळदा असतं. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. परस्पर बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

दुसरी केमोथेरपी. ती सगळ्यांना लागत नाही. लागते तेव्हा साधारण चार ते सहा महिने, ठरावीक अंतराने. केस जातात आणि पुन्हा येतात. मळमळीवर आता चांगली औषधं आहेत. सिनेमात दाखवतात तसं दर वेळी बेसिनवर ओणवं राहावं लागत नाही. पण एक गोष्ट घराच्या भिंतीवर लिहून ठेवा : केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर घरी क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात. रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना गाठायचा. पाळी चालू असलेल्या आणि अजून मूल हवं असलेल्या तरुण मुलींनी केमो सुरू होण्याआधीच तसं डॉक्टरांना सांगावं. तेव्हा काही करता येतं, नंतर मार्ग कमी उरतात.

तिसरी हर-टूवरची औषधं. ट्रॅस्टुझुमॅबला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी असे. आता ती उपचार असलेली बातमी आहे. सुरुवातीला औषधाची किंमत ऐकूनच लोक उठून जात. २०१३-१४ पासून भारतात बनवलेली पर्यायी रूपं आली आणि किंमत खाली आली. उपचार बहुधा वर्षभर चालतो, मधूनमधून हृदयाची इको तपासणी करतात.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये हार्मोनची गोळी आणि हर-टूचं औषध, दोन्हींचा उपयोग नसतो, म्हणून केमोवर भर असतो. इथेही टाटा रुग्णालयाचं काम आहे. सातशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात त्यांनी नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिन या जुन्या, परवडणाऱ्या औषधाची जोड दिली. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. २०२२ मध्ये ते निष्कर्ष मांडले गेले. या जातीच्या रुग्णांनी, आणि ज्यांच्या घरात आई-मावशी-बहिणींना स्तनाचा किंवा बीजांडाचा कर्करोग झाला आहे त्यांनी, बीआरसीए जनुकाच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. त्या उत्तरावर उपचार बदलू शकतो, आणि लेकीबाळींनाही ते कळणं गरजेचं असतं.

काहींना शस्त्रक्रियेआधीच केमो देतात. घरचे घाबरतात : 'ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय वाटतं.' तसं नसतं. गाठ आकसली तर स्तन राखता येतो, आणि औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांना दिसतं.

चौथी स्टेज

याबद्दल न बोलता पुढे जाणं सोपं होतं, पण ते बरोबर नाही. चौथ्या टप्प्यात आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता सहसा नसते. पण उपचार नसतात, असं मुळीच नाही. गोळ्यांवर वर्षानुवर्षं कामाला जाणाऱ्या स्त्रिया आहेत. इथे उद्दिष्ट बदलतं : आजार आटोक्यात ठेवायचा, दुखू द्यायचं नाही, आणि मिळालेला काळ चांगला जाईल हे बघायचं. टाटा रुग्णालयाने ३५० स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं की या टप्प्यात स्तनातली गाठ काढल्याने सरसकट आयुष्य वाढत नाही. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून 'काहीही करा पण ऑपरेशन करा' हा आग्रह इथे पेशंटला नुसता त्रास देतो. वेदनाशमनाचे उपचार शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसतात. ते पहिल्या दिवसापासून मागावेत.

नाशिक, मुंबई आणि पैसा

आज नाशिकमध्ये शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, तिन्हींची सोय आहे. दर वेळी मुंबई गाठावीच लागते असं नाही. पण मोठा निर्णय घेण्याआधी दुसरं मत घ्यावंसं वाटलं, तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून दादरला उतरायचं, परळ तिथून जवळ. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. एक-दोन आठवड्यांत दुसरं मत घेतल्याने नुकसान होत नाही. तिसरं, चौथं, सातवं मत घेत तीन महिने घालवले की होतं.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात, त्यात कर्करोगाचे अनेक उपचार आहेत. रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. प्रत्येक औषध योजनेत बसत नाही, म्हणून 'यातलं काय योजनेत आहे, काय नाही' हे लेखी विचारा. शेत गहाण टाकण्याआधी हा अर्धा तास द्या.

काढे, गोमूत्र, विशिष्ट फळाचा रस, साखर बंद, याबद्दल सगळे विचारतात. पूरक म्हणून काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण काही गोष्टी केमोच्या औषधांशी जुळत नाहीत. योगासनं, चालणं यांनी थकवा आणि झोप सुधारते, ती जरूर करा. पण उपचारांच्या ऐवजी काढा, हा सौदा करू नका. सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा स्टेज बदललेली असते.

फाईल कुणाच्या हातात

दवाखान्यात एक दृश्य रोज दिसतं. फाईल नवऱ्याच्या हातात, प्रश्न मुलगा विचारतो, आणि जिचा आजार आहे ती बाकाच्या टोकाला पदर सावरत बसलेली. कधी कधी दाराबाहेरच कुणी तरी हळूच सांगतं, 'तिला सांगू नका.' मित्रांनो, तुमचं प्रेम मला कळतं. पण पाच वर्षं गोळी तिला घ्यायची आहे, आरशात तिला बघायचं आहे. तिला न सांगता तिच्याकडून सहकार्य कसं मिळणार? फाईल तिच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा, लिहून घ्या, पाणी आणा. ते काम कमी महत्त्वाचं नाही.

स्मरणिकेच्या संपादकांना मी विनंती केली आहे की पुढचे प्रश्न जसेच्या तसे छापावेत. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा. आपल्याला लागू नये, पण शेजारी-पाजारी लागेल.

१. माझी स्टेज कोणती? ईआर, पीआर, हर-टू काय आले?
२. माझा स्तन राखता येईल का? नसेल तर का नाही?
३. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढणं गरजेचं आहे का?
४. आधी शस्त्रक्रिया की आधी औषधं? का?
५. केमो दिल्याने माझ्या बाबतीत किती फायदा अपेक्षित आहे? नाही घेतली तर?
६. रेडिएशन किती दिवसांचं? कमी दिवसांचं चालेल का?
७. रात्री-अपरात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
८. एकूण खर्च किती, योजनेत किती बसतो?

एका भेटीत सगळी उत्तरं मिळाली नाहीत तर दुसऱ्या भेटीत विचारा. प्रश्न विचारणाऱ्या पेशंटचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

जाता जाता, ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यासाठी. १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांचा एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले : सर्व वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, महागडी चाचणी नाही. शिकलेले हात आणि ठरलेली वेळ.

आपण सगळ्या त्याच वयात आहोत. तेव्हा वर्षातून एकदा डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी करून घ्या, आणि त्यांच्याशी बोलून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचं ठरवा. स्वतःच्या शरीराची ओळख ठेवा, म्हणजे बदल झाला तर लगेच कळेल. घरात लग्न असेल, कांद्याची काढणी असेल, नातवाची परीक्षा असेल, तरी आठ दिवसांच्या आत दाखवायचं, एवढं आज इथे ठरवूया.

चहाच्या वेळी मी मागच्या व्हरांड्यात, जुन्या सातवी 'ब'च्या वर्गाबाहेर थांबणार आहे. ज्यांना सभागृहात विचारता आलं नाही त्यांनी तिथे यावं. रिपोर्ट बरोबर असेल तर तोही आणा.